इंग्लंडने ‘ते’ इंजेक्शन बंद केलं म्हणजे नक्की काय केलं?

सांगलीहून वहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर ओढत होते. इकडे संध्याकाळचे सहा, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेअकरा. एवढ्या उशिरा घरून फोन आला की परदेशात राहणाऱ्या माणसाच्या पोटात आधी गोळा येतो, मग तो फोन उचलतो.

“वन्सं, तुमच्याकडे ते इंजेक्शन बंद केलंय म्हणे. आमच्या चिऊला तेच चालू आहे हो.”

चिऊ माझी भाची. सात वर्षांची. पहिलीतून दुसरीत जाताना तिची उंची एकदम वाढली, सगळ्या वर्गात ताडमाड दिसायला लागली, आणि एक दिवस आंघोळ घालताना वहिनींना तिच्या छातीत गाठ लागली. घाबरून गेल्या. तपासण्या झाल्या, हाताचा एक्स-रे काढला, तर हाडांचं वय दहाच्या पुढचं निघालं. पुण्यातल्या लहान मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांनी तीन महिन्यांतून एक इंजेक्शन सुरू केलं. सगळं सुरळीत चाललं होतं आणि कुणीतरी घरच्या ग्रुपवर मजकूर ढकलला: इंग्लंडने लहान मुलांची ही इंजेक्शनं विषारी म्हणून बंद केली, भारतात मात्र सर्रास देतात. खाली औषधाचं नाव. चिऊच्या फाइलमधलंच.

चिऊचं इंजेक्शन कुठेही बंद झालेलं नाही. इंग्लंडमध्येही नाही. हे वहिनींना मी पहिल्या वाक्यातच सांगितलं. पण “मग बंद काय झालं?” या त्यांच्या पुढच्या प्रश्नाला उत्तर द्यायला तासभर लागला, आणि तरी बरंच राहिलं. ते इथे लिहिते. मी लेस्टरमध्ये सोळा वर्षं फार्मसिस्ट आहे. डॉक्टर नाही, पण हे औषध माझ्या हाताखालून जातं आणि त्याचे नियम बदलले की पहिला कागद आमच्याकडे येतो.

कडी वाजवणारं औषध

आधी औषध. छोट्या बाटलीच्या तळाला पांढरी भुकटी, सोबत पाण्यासारख्या द्रवाची एक अँप्यूल. द्रव भुकटीत सोडायचा, हलकेच फिरवायचं, दुधट झालं की लगेच स्नायूत टोचायचं. ठेवून दिलं तर भुकटी पुन्हा खाली बसते. इकडे बहुतेक वेळा ट्रिप्टोरेलिन वापरतात, भारतात ल्युप्रोलाइड जास्त चालतं. काम एकच.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. मूल वयात यायची वेळ झाली की तो खालच्या पिट्यूटरी ग्रंथीला थांबून थांबून, साधारण तास-दीड तासाने, एक इशारा पाठवायला लागतो. इशारा मिळाला की पिट्यूटरी आपली हार्मोन्स सोडते, ती बीजांडकोशांना किंवा वृषणांना जागं करतात, आणि मग पुढचं सगळं सुरू होतं: पाळी, मिसरूड, फुटलेला आवाज, मुरुमं, आरशासमोर जाणारा वेळ.

हे औषध म्हणजे त्याच इशाऱ्याची नक्कल. मग नक्कल दिल्यावर वयात येणं थांबतं कसं? दाराची कडी कुणी थांबून थांबून वाजवली तर घरातलं माणूस उठून येतं. तीच कडी कुणी रात्रंदिवस वाजवतच बसलं, तर पहिल्यांदा दचकून उठाल, आणि मग कानावर उशी घेऊन झोपाल. पिट्यूटरी तेच करते. सुरुवातीला थोडी जास्त चेकाळते, काही आठवड्यांत ऐकणंच सोडून देते. इंजेक्शनं थांबवली की हळूहळू तिला पुन्हा ऐकू येऊ लागतं.

माझ्या दुकानातून हे औषध जातं ते बहुतेक सत्तरीतल्या आजोबांसाठी. प्रोस्टेटच्या कर्करोगाला टेस्टोस्टेरॉन खतपाणी घालतं, म्हणून ते बंद करायचं. एंडोमेट्रिऑसिसच्या बायकांसाठी जातं. आणि कधीतरी चिऊसारख्या मुलीसाठी. मुलगी आठच्या आत किंवा मुलगा नऊच्या आत वयात यायला लागला तर त्याला अकाली वयात येणं म्हणतात. उपचार केला नाही तर हाडांची टोकं लवकर जुळतात आणि आज वर्गात सगळ्यांत उंच असलेली मुलगी मोठेपणी बुटकी राहते. शिवाय सात वर्षांच्या पोरीने पाळी सांभाळायची, हा भाग वेगळाच. यासाठी हे औषध १९८० च्या दशकापासून वापरात आहे. चिऊ दहा-अकरा वर्षांची झाली की थांबवतील, आणि तिचं शरीर मैत्रिणींच्या बरोबरीने पुढे जाईल.

भांडण याच्यावरून नाही. भांडण आहे ते याच औषधाच्या दुसऱ्या उपयोगावरून.

काही मुलांना आपलं शरीर ज्या लिंगाचं आहे ते आपलं वाटतच नाही. मुलगी म्हणून जन्मलेलं मूल सांगतं, मी मुलगा आहे, किंवा उलट. त्यातून येणारी घालमेल काहींच्या बाबतीत फार खोल असते, आणि शरीर वयात यायला लागलं की असह्य होते. डॉक्टरी भाषेत तिला जेंडर डिस्फोरिया म्हणतात. अशा मुलांना हे इंजेक्शन देऊन वयात येणं काही काळ रोखावं, तेवढ्यात विचाराला सवड मिळेल, असा हिशेब मांडला गेला. म्हणूनच औषधाला प्युबर्टी ब्लॉकर हे नाव पडलं.

इथेच एक गोष्ट नीट पाहायला हवी. चिऊचं वयात येणं चुकीच्या वेळी आलं. औषध ते थांबवतं आणि योग्य वेळी परत देतं. दुसऱ्या उपयोगात ते योग्य वेळी आलेलं असतं आणि औषध ते पुढे ढकलतं. चिऊच्या गटातली चाळीस वर्षांची माहिती उचलून दुसऱ्या गटाला लावता येत नाही. हाडांचंच बघा: हाडं भरतात ती मुख्यतः वयात येण्याच्या वर्षांत. ती वर्षं रोखली तर सोबतच्या मुलांच्या तुलनेत हाडांची घनता मागे पडते, हे दिसलेलं आहे. पुढे ती किती भरून निघते हा प्रश्न आहे. मेंदूवर काय होतं, त्याबद्दल तर फारच थोडी माहिती आहे.

अ‍ॅमस्टरडॅमची कल्पना, लंडनचं क्लिनिक

ही कल्पना मूळची डच. १९९० च्या दशकापासून आधी उट्रेख्त आणि मग अ‍ॅमस्टरडॅममध्ये पेगी कोहेन-केटेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पद्धतशीर बसवली. अटी कडक होत्या. घालमेल अगदी लहानपणापासूनची हवी, वयात येताना वाढलेली हवी, दुसरा गंभीर मानसिक आजार नको, घरच्यांचा आधार हवा. बाराव्या वर्षापासून ब्लॉकर, सोळाव्यापासून दुसऱ्या लिंगाची हार्मोन्स, अठरानंतर शस्त्रक्रिया. ज्या अभ्यासावर जगभर पुढची इमारत उभी राहिली त्यात ७० मुलं होती, आणि शेवटपर्यंतचे निष्कर्ष ५५ जणांचे. ती मुलं बरी होती, समाधानी होती. पण ती निवडून घेतलेली मुलं होती, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता.

इंग्लंडमध्ये अशा मुलांसाठी १९८९ साली डोमेनिको दि चेल्ये या मनोविकारतज्ज्ञांनी सेवा सुरू केली. ती पुढे टॅविस्टॉक या उत्तर लंडनमधल्या संस्थेत गेली. बाहेर सिग्मंड फ्रॉइडचा पुतळा आहे. बोलून मन मोकळं करण्याची परंपरा असलेली जागा. सुरुवातीला काम तेच होतं: बोलणं, ऐकणं, घरच्यांना सांभाळणं. वर्षाला मोजकी मुलं.

२०११ मध्ये लंडनने डच पद्धत स्वतः तपासायला घेतली. १२ ते १५ वयाची ४४ मुलं. आणि इथे माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सगळ्यांत मोठी चूक झाली. अभ्यासाचे निकाल हातात येण्याआधीच, २०१४ मध्ये, हा उपचार अभ्यासाबाहेरच्या मुलांनाही द्यायला सुरुवात झाली. निकाल छापून आले २०२१ मध्ये. त्यात मुलांच्या मानसिक स्थितीत मोजण्याइतका फरक सापडला नाही. सुधारलीही नाही, बिघडलीही नाही. आणि ४४ पैकी ४३ मुलं ब्लॉकरनंतर थेट पुढच्या हार्मोन्सकडे गेली.

या ४३ आकड्याचे दोन अर्थ लावता येतात, आणि दोन्ही बाजू आपापला लावतात. एक म्हणते, डॉक्टरांनी मुलं अचूक निवडली, म्हणूनच कुणी मागे फिरलं नाही. दुसरी म्हणते, ही विचाराची सवड नव्हतीच. एकदा त्या गाडीत बसलं की उतरायचं स्टेशन पुढचंच. एवढ्या अभ्यासावरून कोण बरोबर हे ठरवता येत नाही. पण “नुसतं थांबवतोय, बाकी काही नाही” हे वाक्य मात्र पूर्वीसारखं निर्धास्तपणे म्हणता येईना.

तोवर मुलांची संख्या आणि मुलांचा प्रकार, दोन्ही बदलले होते. २०११-१२ मध्ये वर्षाला अडीचशेच्या आत नावं येत; २०२१-२२ मध्ये पाच हजारांवर. पूर्वी जास्त होते मुलगे म्हणून जन्मलेले, अगदी लहानपणापासून वेगळं वाटणारे. आता बहुसंख्य झाल्या मुलगी म्हणून जन्मलेल्या, आणि त्यांची घालमेल बऱ्याचदा वयात येताना सुरू झालेली. त्यांच्यात ऑटिझम, नैराश्य, चिंता, खाण्याचे विकार यांचं प्रमाण मोठं. हे का झालं याची अनेक उत्तरं दिली जातात: समाजात मोकळेपणा आला, इंटरनेट आलं, पौगंडावस्थेतल्या मुलींची मानसिक अवस्थाच एकूण ढासळली. एकच एक कारण देणाऱ्याचा मला संशय येतो. पण डच अटींतून गेलेली ५५ मुलं आणि ही हजारो मुलं सारखी नाहीत, एवढं दिसत होतं. पहिल्या भेटीसाठी दोन-दोन वर्षांची रांग लागली. दोन वर्षं! तेरा वर्षांच्या मुलासाठी तो केवढा काळ असतो, हे घरात तेरा वर्षांचं मूल असलेल्यालाच कळेल.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकते. त्या क्लिनिकमध्ये गेलेल्या प्रत्येक मुलाला इंजेक्शन मिळत होतं असं नाही. नंतर तपासलेल्या ३,३०६ मुलांच्या कागदपत्रांत साधारण २७ टक्के मुलं हार्मोनतज्ज्ञाकडे पाठवलेली आढळली. आणि मुलांच्या या सेवेत शस्त्रक्रिया होतच नव्हती.

एक वाक्य बदललं

एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा. १९४८ पासूनची, करातून चालणारी. तिच्या वेबसाइटवर आजारांची साध्या भाषेत माहिती असते आणि लोक ती पंचांगासारखी प्रमाण मानतात. ब्लॉकरबद्दल तिथे बरीच वर्षं अशा अर्थाचं लिहिलेलं होतं की त्यांचे परिणाम पूर्णपणे मागे घेता येण्याजोगे मानले जातात. २०२० च्या मध्यावर ते वाक्य गेलं. त्या जागी आलं की दूरच्या परिणामांबद्दल फारशी माहिती नाही.

कुठलीही पत्रकार परिषद नाही. पण माझ्या दृष्टीने खरा बदल तो. पुढचं सगळं त्या वाक्याच्या मागे आलं.

डिसेंबर २०२० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने किरा बेल यांच्या खटल्यात म्हटलं की सोळाच्या आतल्या मुलाला या उपचाराचा अर्थ पूर्ण समजून संमती देता येईल, हे अवघड आहे. बेल या स्वतः सोळाव्या वर्षी हा उपचार घेऊन नंतर त्यातून मागे फिरलेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला: संमतीचा निर्णय डॉक्टर आणि मुलाचे कुटुंब करतील, न्यायाधीश नव्हे. मधल्या काळात नाइस या औषधांची पारख करणाऱ्या संस्थेने उपलब्ध पुरावा तपासून त्याची खात्री ‘अत्यंत कमी’ असल्याचं सांगितलं, आणि तपासणी पथकाने टॅविस्टॉकच्या सेवेला सगळ्यांत खालचा शेरा दिला.

सप्टेंबर २०२० मध्ये एनएचएसने सगळ्याचा आढावा घ्यायला डॉ. हिलरी कास यांना सांगितलं होतं. बालरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या माजी अध्यक्ष, आणि या वादात आधी कुठल्याही बाजूने न पडलेल्या. त्यांचा अंतिम अहवाल १० एप्रिल २०२४ रोजी आला. ३८८ पानं, ३२ शिफारशी. आणि तो आल्यापासून न वाचता त्याच्यावर बोलणाऱ्यांची इथे दोन मोठी गावं वसली आहेत.

‘पुरावा कमकुवत’ म्हणजे काय

वहिनी इथे अडल्या. “पुरावा नाही म्हणजे औषध वाईटच ना?”

नाही. समजा तुमच्या गल्लीतल्या दहा जणांनी एक काढा घेतला आणि आठ जणांचा खोकला गेला. काढ्याने गेला? की आठवड्याभरात तो जाणारच होता? काढा न घेतलेल्या दहा जणांचं कुणी विचारलंच नसेल तर सांगता येत नाही. आणि समजा घेतलेल्या दहांतले चार जण नंतर भेटलेच नाहीत, मग तर आणखीच अवघड. यावरून काढा निरुपयोगी ठरत नाही. तो उपयोगी आहे असं छातीठोक सांगण्याइतका आधार नाही, एवढंच ठरतं. पुराव्याची खात्री कमी असते तेव्हा उद्याचा चांगला अभ्यास आजचं उत्तर कुठल्याही दिशेला फिरवू शकतो.

कास यांच्यासाठी यॉर्क विद्यापीठाने जगभरचे अभ्यास गोळा केले. ब्लॉकरचे ५०, हार्मोन्सचे ५३. दर्जाने उत्तम ठरले प्रत्येकी एक. म्हणजे १०३ पैकी दोन. यावरून लगेच आवई उठली की कास यांनी ९८ टक्के अभ्यास केराच्या टोपलीत टाकले. ते खोटं आहे. मध्यम दर्जाचे ५८ अभ्यासही त्यांनी विचारात घेतले; बाजूला ठेवले ते कमी दर्जाचे ४३. (या विषयात ९८ टक्के हा आकडा दोनदा येतो, एकदा ४४ पैकी ४३ मुलांसाठी आणि एकदा या अफवेसाठी. वाचताना कुठला कुठला ते बघून घ्या.)

टीकाकारांचं एक म्हणणं मात्र मला वजनदार वाटतं. मुलांच्या वैद्यकात असे कितीतरी उपचार आहेत ज्यांचा पुरावा कागदावर कमकुवतच भरतो, आणि तरी आपण ते वापरतो. इथे आंधळी चाचणीही, म्हणजे कुणाला खरं औषध आणि कुणाला खोटं ते न सांगता केलेली, करता येत नाही: ज्याला खोटं इंजेक्शन दिलं त्याचा आवाज सहा महिन्यांत फुटेल आणि गुपितही फुटेल. शिवाय उपचार न देणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. त्या काळात शरीर वयात येतंच, आणि फुटलेला आवाज परत जोडता येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि हार्मोनतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनांनी त्यामुळे आपली भूमिका बदलली नाही. इथल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या कार्यकारिणीने, म्हणजे बीएमएने, जुलै २०२४ मध्ये अहवालावर टीका केली. सभासद खवळले, तेव्हा दोन महिन्यांत तटस्थ भूमिकेवर आली.

पण अहवालातली मला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट अभ्यासांची नाही, वह्यांची आहे. टॅविस्टॉकमधून तीस वर्षांत जी मुलं गेली ती पुढे मोठी झाली, बहुतेकांचं नाव कुठल्या ना कुठल्या सरकारी दवाखान्यात आहेच. कास यांना अशा साधारण ९,००० जणांची माहिती जोडून बघायची होती: किती सुखी आहेत, किती जणांनी उपचार सोडला, किती जण मागे फिरले. प्रौढांच्या अशा सात क्लिनिकांपैकी सहांनी माहिती द्यायला नकार दिला. अहवाल येऊन बोभाटा झाल्यावर मग तयार झाले.

आमच्या दुकानात मला एका झोपेच्या गोळीचा हिशेब द्यावा लागतो. आणि हजारो मुलांचं पुढे काय झालं, हे तीस वर्षांत कुणी सलग लिहून ठेवलं नाही. ट्रान्स मुलांचे कैवारी आणि विरोधक, दोघांनीही संतापावं अशी ही गोष्ट आहे, पण संताप भलतीकडेच चालला आहे.

कास यांनी ‘अशी मुलं नसतातच’ असं कुठेही म्हटलेलं नाही. काही थोड्यांना वैद्यकीय मार्ग लागू पडेल, बहुतेकांना तो सर्वांत चांगला ठरणार नाही, आणि आज कोण कुठल्या गटातलं हे खात्रीने ओळखता येत नाही, असा त्यांचा सूर आहे. हार्मोन्स सोळाव्या वर्षापासून शक्य, पण अठराच्या आत फार जपून. नाव, कपडे, सर्वनाम बदलून शाळेत वावरणं ही अगदी लहान मुलाच्या बाबतीत हलकी गोष्ट समजू नये. आधी जाणकाराशी बोलावं. आणि मुलाकडे फक्त लिंगभावाचा प्रश्न म्हणून बघू नका; त्याची झोप, शाळा, ऑटिझम, घर, सगळं बघा.

तीन वेगळ्या गोष्टी

‘इंग्लंडने बंद केलं’ या तीन शब्दांत तीन वेगळे निर्णय कोंबलेले आहेत.

१२ मार्च २०२४ ला एनएचएस इंग्लंडने ठरवलं की लिंगभावाच्या कारणासाठी मुलांना ब्लॉकर नेहमीचा उपचार म्हणून मिळणार नाहीत. संशोधनात मिळू शकतील. ज्यांना आधीच चालू होते त्यांचे तोडले नाहीत.

३१ मार्चला टॅविस्टॉकची ती सेवा बंद झाली. तिच्या जागी मुलांच्या मोठ्या रुग्णालयांशी जोडलेली केंद्रं आली, आधी लंडन आणि इंग्लंडचा वायव्य भाग, नोव्हेंबरपासून ब्रिस्टल. पूर्वी शाळाही मुलाचं नाव पाठवू शकत होती. आता आधी बालरोगतज्ज्ञ किंवा मुलांची मानसिक आरोग्यसेवा, मग तिथून पुढे. चाळणी नीट झाली आणि वाटही लांबली.

तिसरा निर्णय सरकारचा, कायद्याचा. एनएचएस देत नाही म्हटल्यावर लोक खासगी डॉक्टरांकडे आणि युरोपातल्या ऑनलाइन चिठ्ठ्यांकडे वळले होते. २९ मे २०२४ ला तेव्हाच्या हुजूर पक्षाच्या आरोग्यमंत्री व्हिक्टोरिया अ‍ॅटकिन्स यांनी ती वाट तातडीच्या आदेशाने बंद केली. जुलैच्या निवडणुकीत ते सरकार हरलं, मजूर पक्ष आला. आता आदेश जाईल असं पुष्कळांना वाटलं. पण नवे मंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी तो वाढवत नेला आणि ११ डिसेंबर २०२४ ला बेमुदत केला. २०२७ मध्ये पुन्हा बघणार. म्हणजे हे एका पक्षाचं खूळ, असं म्हणून सुटका होत नाही.

याच काळात समाजमाध्यमांवर एक भयानक दावा फिरला, की निर्बंधांमुळे मुलांच्या आत्महत्या प्रचंड वाढल्या. सरकारचे आत्महत्या-प्रतिबंधाचे सल्लागार प्रा. लुई अ‍ॅपलबी यांनी आकडे तपासले. दाव्याला त्यांत आधार मिळाला नाही. त्यांनी अशा भाषेबद्दलच इशारा दिला, कारण ती भाषा सर्वांत आधी पोचते ती आधीच खचलेल्या मुलांपर्यंत. या मुलांचं दुःख खरं आहे, म्हणूनच त्याच्याबद्दल बोलताना तोंडाला येईल ते बोलू नये.

माझ्या काउंटरवर काय बदललं? अठराच्या आतल्या मुलासाठी जीपीची, म्हणजे घरच्या डॉक्टरची, एनएचएस चिठ्ठी या औषधासाठी आली, तर तिच्यावर डॉक्टरने ‘एसएलएस’ ही तीन अक्षरं लिहिलेली असली पाहिजेत. नियमात बसतं, हे सांगणारी खूण. अक्षरं नसतील तर मी औषध देऊ शकत नाही. चिऊ लेस्टरमध्ये असती तर तिच्या चिठ्ठीवरही ती लागली असती, आणि ती असती की मी बाटली काढून दिली असती. बंदी औषधावर नाही. मुलाला ते कशासाठी दिलं जातं, यावर आहे. सत्तरीतल्या आजोबांना तर यातलं काहीच लागू नाही.

बाकीचं जग एका रांगेत नाही. फिनलंडने २०२० मध्ये आणि स्वीडनने २०२२ मध्ये इंग्लंडच्या आधीच हात आखडता घेतला, पण कायद्याची बंदी न आणता डॉक्टरी सल्ल्याने. जर्मन भाषक देशांतल्या तज्ज्ञांनी २०२५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात मात्र प्रत्येक मूल स्वतंत्र पारखून ब्लॉकरची वाट खुली ठेवली आहे. अमेरिकेत हा विषय दवाखान्यातून उठून राज्या-राज्यांच्या राजकारणात जाऊन बसला आहे. तेच कागद, तेच अभ्यास. किती जोखीम कुणी घ्यायची, यावर मतं वेगळी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये किंग्ज कॉलेज लंडनच्या चाचणीचा आराखडा जाहीर झाला. सुमारे २२६ मुलं. निम्म्यांना ब्लॉकर लगेच, निम्म्यांना वर्षभराने, कोण कुठे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं, आणि प्रत्येकाची दोन वर्षं नोंद: मन, हाडं, मेंदू. जाहीर होताच तिच्यावर दोन्हीकडून दगड. एक म्हणतात, मुलांवर प्रयोग करू नका. दुसरे म्हणतात, उपचार हवा तर प्रयोगात या, ही सक्तीच झाली. मला विचाराल तर २०११ मध्ये जे सुरू केलं ते अर्ध्यावर टाकून पुढे धावले नसते, तर आज हा पेच एवढा चिघळला नसता.

वहिनींना हे सगळं सांगेस्तोवर तिकडे साडेबारा वाजून गेले होते. शेवटी त्यांनी मुद्द्याचं विचारलं, “मग सोमवारचं घ्यायचं ना?”

“घ्यायचं. आणि तिची फाइल बरोबर न्या.”

सकाळी त्यांनी फाइलच्या पानाचा फोटो पाठवला. काही विचारायचं नव्हतं, नुसताच पाठवला. दर तीन महिन्यांनी एक ओळ: तारीख, वजन, उंची, रक्ताचे आकडे, मध्ये दोनदा हाडांचं वय. शेवटच्या ओळीत उंची १३१, आणि शेजारी डॉक्टरांच्या बारीक अक्षरात पुढची तारीख.